नकाराचे कारण वाचून घ्या



नांदेडच्या एका भगिनीचे पत्र आले होते. पती मोंढ्यात हमाली करतात, त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करतात आणि मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. अक्षर मुलीचे, शब्द आईचे. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरण्यासाठी मायलेकी दोन दिवस रोज बुडवून एका सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर लागला, तिथल्या मुलाने सगळी माहिती टाकली, बटण दाबले आणि पडद्यावर लाल अक्षरांत एक इंग्रजी ओळ आली. तो म्हणाला, "मावशी, होत नाही. सिस्टीम घेत नाही. हिच्या नावावर आधीच कुणीतरी फॉर्म भरलाय." एवढे बोलून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी काय झाले असेल, हे आपल्याला सांगायला नको. बापाने फी भरण्यासाठी मुकादमाकडे उचल मागायचे ठरवले. आईने पत्रात विचारले, "भाऊ, माझ्या लेकीची शिष्यवृत्ती कुणी खाल्ली?" मुलगी मात्र एक शहाणपण करून आली होती. ती लाल ओळ तिने वहीच्या पानावर जशीच्या तशी उतरवून घेतली होती, आणि ते पान पत्रासोबत जोडले होते. त्या एका ओळीने तिचे वर्ष वाचले. ते कसे, हे आज पाहू.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही काही किरकोळ गोष्ट नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना १९४४ सालापासून चालू आहे. त्या काळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योजनेची नवी मांडणी केली. तिच्यात ६० टक्के वाटा केंद्राचा, आणि तो थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा व्हायचा, असे ठरले. म्हणजे अर्जापासून पैशापर्यंतचा सगळा प्रवास संगणकातून होतो. पूर्वी कारकून नाही म्हणाला तर निदान त्याचे तोंड दिसत होते, त्याच्याशी दोन शब्द बोलता येत होते. आता नकार पडद्यावर येतो, तोही इंग्रजीत. म्हणून तो नकार वाचायला शिकणे हे घरातल्या शिकलेल्या लेकरांचे काम आहे.

रजिस्टर आणि राखणदार

संगणकात माहिती साठवण्याच्या व्यवस्थेला डेटाबेस म्हणतात. नाव नवे वाटते, वस्तू ओळखीची आहे. शाळेत मुलांच्या नावांचे रजिस्टर असते, रेशन दुकानात कार्डांचे असते, रोजगार हमीच्या कामावर मस्टर असते. आडव्या ओळी आणि उभे रकाने. अशी अनेक रजिस्टरे एकमेकांना बांधून ठेवली की झाला डेटाबेस. आय.बी.एम. कंपनीतले शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली ही मांडणी शास्त्रशुद्ध पद्धतीने जगापुढे ठेवली. आज बँका, विमा, सरकारी योजना अशा असंख्य ठिकाणी याच पायावर काम चालते. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर ही अशी रजिस्टरे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे आहेत.

कागदी रजिस्टर सोशिक असते. त्यात एकच नाव दोनदा लिहा, तारखेच्या रकान्यात गावाचे नाव लिहा, रकाना कोरा सोडा, ते काही बोलत नाही. डेटाबेसचे तसे नाही. तिथे रकान्यांच्या दाराशी राखणदार बसवता येतात. हा रकाना कोरा राहता कामा नये, हा नंबर दोनदा येता कामा नये, इथे फक्त तारीखच हवी, असे नियम बनवणाऱ्याने आधीच घालून दिलेले असतात. नियम मोडला की राखणदार नोंद अडवतो आणि का अडवली ते सांगतो. त्या सांगण्याला एरर मेसेज म्हणतात.

एररचा अर्थ आपण 'चूक' असा करतो, आणि चूक म्हटले की गरीब माणसाला ती आपलीच वाटते. खरे तर तो एक नकार असतो, आणि बहुतेक वेळा कारणासह दिलेला नकार असतो. माणसाने दिलेल्या नकारात कारण मिळेलच असे नाही. यंत्राने कारण लिहून दिले असताना ते न वाचता परत फिरणे, हे आपल्याच हाताने आपले नुकसान करणे आहे.

असल्या संदेशात साधारणतः तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, नंबर. दुसरी, कारण. तिसरी, कोणत्या रकान्यात किंवा रजिस्टरात अडले त्याचे नाव. मायएसक्यूएलमध्ये १०६२ नंबर आला की एकच अर्थ, 'ड्युप्लिकेट एंट्री', म्हणजे दुबार नोंद. नांदेडच्या गल्लीत आला काय आणि लंडनच्या बँकेत आला काय, अर्थ तोच. ओरॅकलच्या संदेशांच्या यादीत ओआरए-००००१ हा नंबर याच कारणासाठी ठेवलेला आहे. सामान्य माणसाच्या फॉर्मवर पुष्कळदा नंबर दिसत नाही, नुसते शब्द दिसतात. तरी शब्द पुरतात.

आपल्या लेकीच्या वहीतल्या ओळीत 'ड्युप्लिकेट एंट्री' हे शब्द होते आणि शेवटी 'आधार' हा शब्द होता. इथेच गाठ सुटली. दुबार झाले होते ते नाव नव्हे. एका नावाच्या दहा मुली असू शकतात, त्याला कोणतेही रजिस्टर हरकत घेत नाही. दुबार झाला होता आधार नंबर, आणि तो तर हिच्या एकटीचा. मग तो आधी कोणी टाकला? मी फोन करून विचारले, "बाळ, अकरावी-बारावीला फॉर्म भरला होतास का?" ती म्हणाली, "हो, पण दुसऱ्या दुकानात. मोबाइल नंबर त्या दुकानदारानं स्वतःचा टाकला होता." म्हणजे शिष्यवृत्ती कोणी खाल्ली नव्हती. तिचेच जुने खाते तिथे उभे होते, आणि सेवा केंद्रातला मुलगा त्याच आधारवर दुसरे खाते उघडू पाहत होता. राखणदाराने बरोबर अडवले होते.

ती परत गेली. या वेळी म्हणाली, "दादा, नवीन खातं नको, जुनंच उघडून द्या आणि मोबाइल नंबर बदलून द्या." त्याच दिवशी फॉर्म गेला. मुदतीला चार दिवस उरले होते.

रोजच्या अडवणुकीची कारणे

हे एक कारण झाले. नेहमी भेटणारी आणखी काही कारणे सांगतो. घरात कोणी संगणक शिकत असेल तर त्याने नंबरही टिपून ठेवावेत.

कोरा रकाना. 'कॅनॉट बी नल' असे शब्द येतात. मायएसक्यूएलमध्ये १०४८, ओरॅकलमध्ये ओआरए-०१४००. 'नल' म्हणजे काहीच न भरलेला रकाना. आडनाव, वडिलांचे नाव, आईचे नाव अशा रकान्यांपाशी हा संदेश भेटतो. घाईतला ऑपरेटर मग तिथे एक टिंब किंवा 'एन.ए.' टाकतो आणि पुढे जातो. राखणदार फसतो, पण पुढे त्या मुलाचे आडनाव कायमचे 'टिंब' होऊन बसते आणि दाखल्याशी जुळत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. म्हणजे एकाच घरात थोरल्याचे नाव एका पद्धतीने आणि धाकटीचे दुसऱ्या पद्धतीने असेल. रकाना कोरा राहतो की काय म्हणून मनाने काही भरू नका. दाखल्यावर जे आहे तेच भरा.

मोठी नोंद. 'व्हॅल्यू टू लार्ज' किंवा 'डेटा टू लाँग'. ओरॅकलमध्ये ओआरए-१२८९९, मायएसक्यूएलमध्ये १४०६. रकान्यात मावेल त्यापेक्षा मजकूर लांब झाला. यात मराठीची एक गंमत आहे. 'सिद्धार्थ' हे नाव आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचे दिसते. संगणक मात्र काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळे वेगळे मोजतो. त्याच्या हिशेबी ही नऊ चिन्हे झाली. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून सत्तावीस बाइट झाले. इंग्रजीत सिद्धार्थ लिहायला नऊ-दहा बाइट पुरतात. इंग्रजी नावे डोळ्यासमोर ठेवून कोणी वीस बाइटांचा रकाना आखला असेल तर तीन अक्षरांचा सिद्धार्थ त्यात मावत नाही. ओरॅकल सरळ सांगतो, आलेले २७, मर्यादा २०. इथे दोष सिद्धार्थचा नाही, रकाना आखणाऱ्याचा आहे. हा संदेश टिपून वरच्या माणसाला दाखवला पाहिजे. नाव कापून 'सिद्धा' करायचे नाही.

आकड्याच्या जागी दुसरे काही. ओरॅकलमध्ये ओआरए-०१७२२, 'इनव्हॅलिड नंबर'. उत्पन्नाच्या रकान्यात आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम दिला, पुढे 'रुपये' लिहिले, किंवा शून्याऐवजी इंग्रजी ओ अक्षर पडले, की हा संदेश येऊ शकतो. नुसते आकडे लिहिले की काम होते.

तारीख. ओरॅकलमध्ये ओआरए-०१८४३, 'नॉट अ व्हॅलिड मंथ', असा महिना नाही. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. काही सॉफ्टवेअर त्या पद्धतीवर ठेवलेले असते. समजा तिथे आपण १४ एप्रिल ही तारीख १४/०४ अशी लिहिली. यंत्र चौदावा महिना शोधते, तो सापडत नाही, आणि संदेश येतो. हे उलट बरे झाले. आता ६ डिसेंबर लिहून पाहा, ०६/१२. यंत्र त्याचा अर्थ सहावा महिना, बारावी तारीख असा घेते आणि मुकाट्याने १२ जून लिहून ठेवते. कसलाही संदेश येत नाही. म्हणजे ज्या दिवशी अडवले त्या दिवशी आपण वाचलो, आणि ज्या दिवशी अडवले नाही त्या दिवशी चूक आत शिरली. सबमिटचे बटण दाबण्याआधी जन्मतारीख शब्दांत वाचून दाखवायला सांगा, महिन्याच्या नावासकट.

मूळ नोंद नाही. 'पेरेंट की नॉट फाउंड', ओआरए-०२२९१. मायएसक्यूएलमध्ये १४५२. इथे पेरेंट म्हणजे आईबाप नव्हेत. एका रजिस्टरातली नोंद दुसऱ्या रजिस्टरातल्या नोंदीवर टेकलेली असते. कॉलेजच्या यादीत तो अभ्यासक्रमच नोंदवलेला नसेल, तर त्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याची नोंद टेकणार कशावर? अशा वेळी विद्यार्थ्याने दहादा फॉर्म भरून उपयोग नाही. आधी अभ्यासक्रमाची नोंद व्हायला हवी, आणि ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडेच गेले पाहिजे.

लातूरच्या तरुणाची गोष्ट

आतापर्यंत आपण काउंटरच्या बाहेरच्या माणसाबद्दल बोललो. पण आपली कितीतरी मुले-मुली आज काउंटरच्या आत बसून डेटा एंट्रीचे काम करतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट.

लातूरचा आमच्या ओळखीचा एक तरुण, बी.सी.ए. झालेला, एका खासगी क्लासच्या कार्यालयात कामाला लागला. घरातली पहिली टेबलखुर्चीची नोकरी. मालकाने सांगितले, "यादीत दुबार नावं फार झालीत, काढून टाक." याने नाव काढायला घेतले तर संदेश आला, १४५१, पेरेंट नोंद काढता येत नाही. ओरॅकलमध्ये हाच संदेश ओआरए-०२२९२, 'चाइल्ड रेकॉर्ड फाउंड' असा येतो. अर्थ असा की या नावावर दुसऱ्या रजिस्टरात काही नोंदी टेकलेल्या आहेत, नाव काढले तर त्या अधांतरी राहतील. त्या नोंदी होत्या फीच्या हप्त्यांच्या.

मालक संध्याकाळी यादी मागणार होता. पोराने इंटरनेटवर शोधले. हा राखणदार काही काळ बंद ठेवण्याची एक आज्ञा असते, ती सापडली. त्याने ती दिली आणि नावे काढून टाकली. संदेश थांबले, यादी स्वच्छ झाली, शाबासकीही मिळाली. पुढच्या महिन्यात ज्यांनी हप्ते भरले होते त्यांच्याच घरी थकबाकीच्या चिठ्ठ्या गेल्या. ऊसतोडीला गेलेला एक बाप अर्धी मजुरी टाकून लातूरला आला आणि पावती नाचवत ओरडू लागला. हप्ते संगणकात होते, पण ते कोणाचे हे सांगणारे नाव उरले नव्हते. पावतीपुस्तकाच्या कार्बनप्रतींवरून सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. ते काम संपले त्या दिवशी पोराची नोकरी गेली.

त्याने काय करायला हवे होते? संदेश आला तिथेच थांबायला हवे होते. दुबार नावांपैकी खरे कोणते ते ठरवून, चुकीच्या नावावरचे हप्ते आधी खऱ्या नावावर वळवायला हवे होते. मग रिकामे झालेले नाव कसलीही कुरकुर न होता निघाले असते. त्याआधी सगळ्या माहितीची एक प्रत, म्हणजे बॅकअप, बाजूला ठेवायला हवी होती. आणि काढून टाकण्याचा हुकूम मालकाकडून लेखी घ्यायला हवा होता. चुकीचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटते हे आपल्या लेकरांना वेगळे शिकवायला नको. म्हणून आत बसणाऱ्याने राखणदाराचे तोंड कधी बंद करू नये. तो ओरडतो ते आपल्या भल्यासाठी.

दोष कोणाच्या दारी?

संदेश वाचण्याचा सर्वात मोठा फायदा हा की कोणाकडे जायचे ते कळते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यात १९९२ पासून पाच चिन्हांचा एक संकेतांक आहे. तो सगळ्या पडद्यांवर दिसतोच असे नाही, पण दिसला तर पहिले दोन अंक पाहावेत. २२ असेल तर माहितीचा आकार चुकला, म्हणजे लांबी, तारीख, आकडा. २३ असेल तर रजिस्टरचा नियम आडवा आला, म्हणजे दुबार, कोरा रकाना, मूळ नोंद नाही. या दोन्हींत आपले कागद आणि भरलेली माहिती शांतपणे ताडून पाहावी. २८ असेल तर किल्लीचा प्रश्न, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ०८ असेल तर जोडणी तुटली. ४० असेल तर पुन्हा प्रयत्न करावा. आणि ४२ असेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने दिलेली आज्ञाच चुकली किंवा त्या आज्ञेला परवानगी नाही. 'टेबल डज नॉट एक्झिस्ट' असा संदेश सामान्य अर्जदाराच्या पडद्यावर आला, तर त्यात अर्जदाराने दुरुस्त करण्यासारखे काहीही नसते. त्याने संदेश टिपावा, कार्यालयाला द्यावा आणि दुरुस्तीची वाट पाहावी.

मायएसक्यूएलमध्ये १२१३ म्हणजे 'डेडलॉक'. दोन कारकून समोरासमोर बसले आहेत, एकाच्या हातात एक रजिस्टर, दुसऱ्याच्या हातात दुसरे. पहिल्याला दुसरे हवे आहे, दुसऱ्याला पहिले, आणि हातातले कोणीच सोडत नाही. डेटाबेस मग एकाचे काम रद्द करून दुसऱ्याला वाट देतो. ज्याचे काम रद्द झाले त्याला हा संदेश येतो, आणि पुन्हा सुरू करा असेही त्यातच लिहिलेले असते. यात कोणाचा गुन्हा नाही.

'टाइम आउट' झाले तर मात्र जपून. उत्तर यायला उशीर झाला एवढाच त्याचा अर्थ. आपली नोंद आत गेली की नाही, हे त्यावरून कळत नाही. विशेषतः पैसे भरताना असे झाले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खाते पाहा, अर्जाची स्थिती पाहा, मगच बटणाला हात लावा.

रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही, तेव्हाही असेच समजून घ्यावे. आधार पडताळणीत ३०० हा संकेतांक आला तर अर्थ एवढाच की बोटाचा ठसा जुळला नाही. विटा उचलून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना हे वारंवार भेटते. 'तुमचं नाव कटलं' असे कोणी म्हणाले तर ते त्या संदेशात लिहिलेले नाही, हे लक्षात ठेवा. ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने २०१७ सालीच राज्यांना कळवलेले आहे.

संदेश नाही म्हणजे सगळे बरोबर असेही नाही

६ डिसेंबरच्या तारखेत आपण हे पाहिलेच. मराठवाड्यात याचा आणखी एक फेरा आहे. आपल्या आजा-पणजांचे शाळेचे आणि जमिनीचे कागद निजामी राजवटीतले. त्यांवर साल फसली असते. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा नोंदवताना कोणी सरळ १३४८ टाकले तर काय होते? एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारखेचा रकाना १७५३ च्या मागे जात नाही, तो अडवतो. मायएसक्यूएलचा तारखेचा रकाना १००० सालापासून पुढचे घेतो, तो अडवत नाही, आणि पणजोबा एकदम सहा शतके मागे जाऊन बसतात.

जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. म्हणून आज लातूर जिल्ह्यात असलेल्या कित्येक गावांच्या जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद जिल्हा आहे, आणि २०२३ पासून उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले आहे. गाव तेच, घर तेच, कागदावरची नावे मात्र तीन. पडद्यावर 'नॉट मॅच' आले तर तुम्ही खोटे ठरत नाही, दोन रजिस्टरांत दोन काळांची नावे आहेत एवढेच. राखणदार नोंदीचा आकार आणि मेळ तपासू शकतो, खरेखोटे तपासू शकत नाही. ते तुमच्या कागदांवरून माणसानेच ठरवायचे असते.

एवढे करा

घरात एक साधी वही ठेवा. ऑनलाइन काम अडले की तिच्यात तारीख, वेळ, कोणता फॉर्म, अर्जाचा नंबर आणि पडद्यावरची ओळ जशीच्या तशी लिहा. इंग्रजी येत नसेल तर मोबाइलने पडद्याचा फोटो घ्या, पण त्यात आधार नंबर किंवा पासवर्ड दिसत असेल तर तो फोटो कोणालाही पाठवू नका. 'सर्व्हर डाऊन आहे' असे कोणी सांगितले तर नम्रपणे म्हणा, "दादा, काय लिहून आलंय तेवढं वाचून दाखवा." सर्व्हर खरोखर बंद असेल तर तेही तिथे दिसेलच. अर्ज नाकारला असे सांगितले तर कारण लेखी मागा. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी कळवावे लागते, आणि त्यावर तीस दिवसांत अपील करता येते.

नांदेडच्या त्या भगिनीचे दुसरे पत्र आले. त्यात एवढेच होते की उचल घ्यावी लागली नाही, आणि मुलीने तशी वही आता शेजारच्या तीन घरांनाही करून दिली आहे. वाचकांनी आपापल्या घरी अडलेल्या ओळी या सदराकडे जरूर लिहून पाठवाव्यात. आधार नंबर मात्र पत्रात लिहू नये.